गोळी चालू राहावी, लघवीही तपासावी

1 एप्रिल 2004 रोजी देशात आठ ठिकाणी एचआयव्हीची मोफत औषधे सुरू झाली, त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. तेव्हाच्या स्टॅव्हुडिनने गाल बसायचे, पायांना मुंग्या यायच्या. आज जोगेश्वरीतल्या बहुतेक रुग्णांना एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, रोजची एकच गोळी मिळते. तिच्यात डोल्युटेग्रॅव्हिर, लॅमिव्हुडिन आणि 300 मिलिग्रॅम टेनोफोव्हिर असते. ती माणसाला जगवते, यात शंका नाही. पण टेनोफोव्हिर मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि काही जणांच्या मूत्रनलिकांच्या पेशींत साठून त्यांना इजा करते. मग रक्तातली साखर ठीक असूनही ती लघवीत उतरते, फॉस्फेट वाहून जाते, हाडे मऊ पडून दुखू लागतात. मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी रक्तात तपासतात ते क्रिएटिनिन तेव्हाही पुष्कळदा जागेवरच असते. अशक्त, स्नायू झडलेल्या रुग्णात ते मुळातच कमी येते. उलट डोल्युटेग्रॅव्हिरने इजा नसतानाही थोडे वाढते. म्हणून एकट्या क्रिएटिनिनवर विसंबू नये. लघवीतली साखर आणि प्रथिने दाखवणारी साधी पट्टी प्रत्येक सेंटरवर ठराविक काळाने वापरली गेली पाहिजे.

हाडे दुखली की माणूस मेडिकलमध्ये जातो. दिवसभर ओझी उचलणाऱ्याला हे कामाचेच दुखणे वाटते. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सहज मिळते, आणि टेनोफोव्हिरच्या जोडीला तेच मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. आपण कोणती गोळी घेतो हे मेडिकलवाल्याला किंवा वस्तीतल्या डॉक्टरला सांगायची रुग्णाला धास्ती वाटते. मला तरी त्याचा दोष दिसत नाही. आजार कळला तर खोली आणि काम दोन्ही जाऊ शकते. म्हणून वेदनाशामकांबद्दल सेंटरच्या समुपदेशकानेच दर भेटीत विचारायला हवे.

दुष्परिणाम सांगितले तर लोक गोळी सोडतील, असा आक्षेप येतो. सोडण्याचा धोका खराच मोठा आहे. पण कारण न कळता अंग दुखत राहिले, तर माणूस कुणाला न विचारता गोळी बंद करतो. सांगितलेले असेल तर तो सेंटरवर येतो. सगळ्यांना सरसकट टेनोफोव्हिरचेच दुसरे रूप, टेनोफोव्हिर अलाफेनामाइड, द्या, असेही सुचवले जाते. ते मूत्रपिंडाला सौम्य आहे खरे, पण क्षयाच्या रिफॅम्पिसिनमुळे त्याची रक्तातली पातळी घटते, आणि मुंबईत क्षय काही दुर्मीळ नाही. मूत्रपिंड मंदावलेल्यांसाठी अबॅकॅव्हिरचा पर्याय आहेच. तो वेळेत मिळायचा तर बिघाड आधी लघवीत पकडावा लागेल.