स्वस्त फोन आणि गिऱ्हाइकाची अमानत

व्यापारी बंधूंनो, आपण वरची घडी पाहून माल घेत नाही. थान उलगडतो, मगच भाव बोलतो. फोन मात्र स्वस्त दिसला की डोळे मिटून घेतो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत क्रिप्टोवायर या कंपनीने एक प्रकार उघडकीस आणला. तिथे सुमारे ५० डॉलरला मिळणाऱ्या ‘ब्लू आर१ एचडी’ फोनमध्ये शांघायच्या अ‍ॅडअप्स कंपनीचे सॉफ्टवेअर आधीपासूनच भरलेले होते. मालकाला पत्ता न लागू देता ते दर ७२ तासांनी त्याचे संदेश आणि फोन कोणाला केले त्याची नोंद चीनला पाठवी. अँटिव्हायरसलाही ते सापडत नसे. आपले १,२०,००० फोन त्यात सापडल्याचे ब्लू कंपनीने मान्य केले.

आपल्या फोनमध्ये काय असते? कारागिरांची मजुरी, उधारीची नावे, बँकेचा ओटीपी. यातले बरेचसे आपले नाहीच, लोकांनी विश्वासाने सोपवलेली अमानत आहे. तिच्यात गफलत झाली तर जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

फोनच्या आतले दुकानदारालाही दिसत नाही. म्हणून कंपनी कोणती, सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हे विचारूनच फोन घ्या. अगदी स्वस्तातला घ्यावाच लागला, तर त्यावर बँकेचे काम आणि धंद्याचा हिशेब ठेवू नका.