विजेचं विमान अडतं चार्जिंगपाशी

‘मोटार चार्ज होते, मग विमान का नाही?’ असा विजेवरच्या विमानांच्या समर्थकांचा सवाल असतो. ‘बॅटरीवर प्रवासी नेणं हे निव्वळ स्वप्नरंजन,’ असं विरोधक तितक्याच ठामपणे सांगतात. दोन्ही बाजू अर्धवट हिशेब मांडतात.

आधी समर्थकांचं बघू. मोठ्या विमानाच्या पंखाखाली लावलेल्या नळीतून मिनिटाला सुमारे १,००० लिटर इंधन भरता येतं. ऊर्जेच्या भाषेत हे मिनिटाला साडेनऊ हजार युनिट झाले. नऊ आसनी विमानाची ८०० युनिटची बॅटरी अर्ध्या तासात भरायची म्हटलं, तरी १,६०० किलोवॅटचा पुरवठा लागतो. अशी चार विमानं एकदम उभी राहिली, की मागणी ६.४ मेगावॅटवर जाते. आडगावच्या छोट्या विमानतळाची वीजजोडणी एवढी नसते. त्यातली ५ टक्के ऊर्जा उष्णतेत गेली, तरी प्रत्येक विमानामागे ८० किलोवॅट उष्णता बाहेर काढावी लागेल.

रोजच्या जलद चार्जिंगने बॅटरी झिजते ते वेगळंच. इटलीच्या टेकनाम कंपनीने ‘पी-व्होल्ट’ हा नऊ आसनी विमानाचा प्रकल्प २०२३ मध्ये थांबवला. काहीशे उड्डाणांतच बॅटरी बदलावी लागेल, हे त्यामागचं मुख्य कारण होतं.

‘मग भरलेली बॅटरीच बसवा’ हा तोडगाही तपासून पाहावा. ८०० युनिटची बॅटरी तीन टनांच्या घरात जाते. उच्च दाबाचे जोड आणि थंडाव्याच्या नळ्या दर फेरीला सोडायच्या, जोडायच्या, तपासायच्या. शिवाय प्रत्येक ठिकाणी जादा संच ठेवायचे.

पण म्हणून विरोधक बरोबर ठरत नाहीत. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेलच्या दोन आसनी ‘व्हेलिस इलेक्ट्रो’ला युरोपीय नियामकाने जून २०२० मध्ये मान्यता दिली. जून २०२५ मध्ये बीटा कंपनीचं ‘आलिया’ चार प्रवाशांसह न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरलं. त्याच वर्षी नॉर्वेत स्टाव्हँगर-बर्गन मार्गावर त्याची चाचणी उड्डाणं झाली.

यातून दिशा स्पष्ट होते. सुरुवात शे-दीडशे किलोमीटरच्या मार्गांवर व्हावी. विमानतळावर मोठी स्थिर बॅटरी असावी; ती रात्रभर सावकाश भरावी आणि दिवसा विमानांना झपाट्याने वीज द्यावी. सर्व कंपन्यांचा चार्जिंगचा जोड एकसारखा असावा आणि वेळापत्रक चार्जिंगचा वेळ धरूनच आखावं. नव्या विमानाची घोषणा करताना कंपन्यांनी पल्ल्यासोबत चार्जिंगचा वेळ, लागणारे किलोवॅट आणि बॅटरीचं आयुष्य किती उड्डाणांचं, हे तीन आकडे जाहीर करावेत. सरकारी अनुदानासाठी तर ही अटच घातली पाहिजे.