मोहफुलांचा हिशेब

आपल्या घरांत मद्य वर्ज्य. त्यामुळे सोलापूरच्या पेठेत मोहाचे नाव निघाले की दारू आठवते आणि विषय तेथेच संपतो. परंतु गडचिरोलीचे गोंड आणि मेळघाटातील कोरकू यांच्यासाठी हा वृक्ष प्रथम अन्नदाता आहे.

मार्च-एप्रिलमध्ये त्याची रसाळ फुले रात्री आपोआप गळतात. ती तोडावी लागत नाहीत. पहाटे वेचून उन्हात वाळवतात. पावसाळ्याच्या टंचाईत ती भाजून अथवा पिठात मिसळून खातात. बियांचे तेल स्वयंपाकाला व दिव्याला, तर पेंड खताला उपयोगी पडते. बँकेच्या भाषेत ही घरातील मुदत ठेवच होय.

मात्र मीठ-मिरची व कापडासाठी ही ठेव ऐन हंगामात मोडावी लागली, तर भाव पडतो आणि लाभ साठवणाऱ्याला होतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील आदिवासींची मालकी मान्य केली. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांवरील निर्बंधही शिथिल केले. तरीही काटा व्यापाऱ्याच्याच हाती असतो. पेढीवर बसणाऱ्या आपल्या तरुणांनी हे ध्यानी ठेवावे : कायद्याने दिलेला हक्क अखेर पुऱ्या मापाने आणि रास्त दरानेच वेचणाऱ्याच्या पदरात पडतो.