मजुराला पंधरा, साहेबाला तीन

राजकारणावर लिहायचं नाही असं मी स्वतःला बऱ्याचदा बजावलंय. एक तर आपल्याला त्यातलं फार कळत नाही, आणि दुसरं म्हणजे नातेवाइकांत उगाच वाद होतात. पण काही गोष्टी मनात साचत जातात आणि मग लिहूनच मोकळं व्हावं लागतं. तर मंडळी, आज ब्रिटनच्या मजूर पक्षाबद्दल. गोष्ट थोडी लांबची आहे, सांभाळून घ्या.

इंग्रजीतल्या लेबर पार्टीला आपली मराठी वर्तमानपत्रं पहिल्यापासून 'मजूर पक्ष' म्हणत आली, आणि समोरच्या काँझर्व्हेटिव्हांना 'हुजूर पक्ष'. कुणी केलं हे बारसं माहीत नाही, पण ज्याने केलं त्याला दाद दिली पाहिजे. आमचे वडील पोस्टात होते, युनियनचे पक्के. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं, मजूर आणि हुजूर. अॅटलींच्या मजूर सरकारच्या काळात भारत स्वतंत्र झाला, हे ते असं सांगायचे की जणू अॅटली आमच्या गल्लीतच राहत होते. जानेवारी २००६ मध्ये मी इंग्लंडला निघालो तेव्हा त्यांना बरं वाटलं ते एवढ्यासाठी, की "तिथं मजूर पक्षाचं राज्य आहे."

मी आलो तो 'हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅम'वर. शिक्षण, अनुभव, पगार यांचे गुण मोजायचे आणि व्हिसा द्यायचा, अशी ती योजना. त्यात ब्रिटन हेच आपलं मुख्य घर करू असं लिहून द्यावं लागे. दिलं लिहून. नोकरी सोडली, सांगलीतलं बिऱ्हाड मोडलं आणि आलो. दहा महिने झाले नाहीत तोच, नोव्हेंबर २००६ मध्ये, त्याच मजूर सरकारने नियम बदलले. नव्या हिशेबात तरुण वयाला गुण होते आणि कामाच्या अनुभवाला शून्य! बरं, हे नव्याने येणाऱ्यांपुरतं असतं तर तक्रार नव्हती. पण आधी येऊन राहिलेल्यांनाही मुदतवाढीच्या वेळी तीच नवी चाळणी लावली. शिवाय कायम वास्तव्यासाठी लागणारी चार वर्षं त्याच वर्षी एप्रिलमध्ये पाच झाली होती, तीही सगळ्यांना सरसकट. माझं कसंबसं निभावलं. माझ्याबरोबर आलेला एक मित्र बायको आणि दोन मुलांना घेऊन ठाण्याला परत गेला. मोठा मुलगा पहिलीत होता, शाळेचं वर्ष अर्धवट टाकून.

आमच्यातल्या काही धडपड्या लोकांनी 'एचएसएमपी फोरम' स्थापन केला आणि सरकारला कोर्टात खेचलं. एप्रिल २००८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की आधी आलेल्यांना नवे नियम लावणं बेकायदा आहे. पुढच्या वर्षी त्या चार-पाच वर्षांच्या मुद्द्यावरही फोरमच जिंकला. म्हणून २०१० च्या जानेवारीत, चार वर्षं भरल्यावर, मला कायम वास्तव्य मिळालं. ठाण्याचा मित्र मात्र पुन्हा आला नाही. त्याचं तिकडे बस्तान बसलं होतं.

एवढं होऊनही मी मजूर पक्षालाच मत देत राहिलो, याचं तुम्हाला हसू येईल. (हो, मत! इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येतं. माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे.) वंशभेदाविरुद्धचे १९६५, १९६८ आणि १९७६ चे कायदे याच पक्षाने केले. पण केनियातल्या आशियाई लोकांकडे ब्रिटिश पासपोर्ट असताना १९६८ मध्ये त्यांच्यासाठी दार बंद करणारा कायदाही याच पक्षाने केला, तोसुद्धा संसदेत तीन दिवसांत. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं, हे तसं जुनंच. २०१५ च्या निवडणुकीत तर त्यांनी 'स्थलांतरावर नियंत्रण' असं छापलेला लाल मग विकायला काढला होता. मी तेव्हा हसण्यावारी नेलं. घरच्या माणसाच्या खोडीकडे करतो तसा काणाडोळा केला.

४ जुलै २०२४ ला आमच्या रीडिंगमध्ये मतदानाला गेलो तेव्हा खरंच आनंद होता. इथे बोटाला शाई लावत नाहीत, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. चौदा वर्षांनी हुजूर पक्ष जाणार होता. आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला धाडायची त्यांची योजना नव्या सरकारने आल्या आल्या गुंडाळली. किअर स्टार्मर हे मानवी हक्कांचे वकील. २०२० मध्ये पक्षनेतेपदासाठी उभे असताना त्यांनी जी दहा वचनं दिली होती, त्यांतलं एक स्थलांतरितांच्या हक्कांचं रक्षण हे होतं. वाटलं, आता तरी जरा माणुसकीची भाषा ऐकू येईल.

१ मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने मुसंडी मारली. आणि अकराच दिवसांनी, १२ मेला, स्टार्मर श्वेतपत्रिका घेऊन उभे राहिले. नियम नसतील तर आपण अनोळखी माणसांचं बेट होऊन बसू, असं ते म्हणाले. अनेकांना इनॉक पॉवेल यांचं १९६८ चं भाषण आठवलं. जूनमध्ये त्यांनी त्या शब्दांबद्दल खेदही व्यक्त केला. पण खेद शब्दांबद्दल होता. श्वेतपत्रिका होती तशीच राहिली. तीत कायम वास्तव्याची अट पाच वर्षांवरून दहावर न्यायचं ठरलं होतं. ही दहा वर्षांची कल्पना त्याच वर्षी फेब्रुवारीत हुजूर पक्षाच्या केमी बेडनॉक यांनी मांडली होती. म्हणजे मजुराने हुजुराच्या वहीतून उतरवून घेतली!

आता सरकारची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर एकांगी होईल. २०२३ मध्ये ब्रिटनमधलं निव्वळ स्थलांतर (म्हणजे आलेले वजा गेलेले) वर्षाला नऊ लाखांच्या वर गेलं होतं. तेही ब्रेक्झिट करून 'नियंत्रण' परत घेतल्यावर, हुजूर पक्षाच्या राज्यात. घरं अपुरी, दवाखान्यात रांगा. लोक चिडणारच. किती माणसं घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार कुठल्याही देशाला आहे, आणि डाव्या सरकारने त्यावर बोलायचंच नाही असं मी मुळीच म्हणत नाही. जून २०२५ ला संपलेल्या वर्षात हाच आकडा २ लाख ४ हजारांवर आला होता. म्हणजे दार बरंच लोटून झालं होतं. माझं भांडण दाराशी नाही. आत बोलावून, पाटावर बसवून, मग ताट ओढून घेण्याशी आहे.

ती गोष्ट सांगतो. आमच्या गणपतीला कोल्हापूरकडची एक मुलगी येते. तिकडे नर्सिंग केलेलं, इथे एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांची सेवा करते. अंघोळ घालणं, भरवणं, रात्री-अपरात्री चादरी बदलणं, आणि कुणी गेलं तर नातेवाईक येईपर्यंत जवळ बसणं. करोनानंतर इंग्लंडमध्ये या क्षेत्रात दीड लाखाहून जास्त जागा रिकाम्या होत्या, म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने या कामासाठी व्हिसा खुला केला. ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली. नवरा २०२३ मध्ये आला, मुलगी २०२४ मध्ये इथेच जन्मली. आईबापांना कायम वास्तव्य नाही म्हणून मुलगीही जन्माने ब्रिटिश नाही. तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलंय, आणि फ्रिजवर एका कागदावर मोठ्या अक्षरांत 'ऑक्टोबर २०२७' लिहिलेलं होतं. पाच वर्षं तेव्हा भरणार होती.

२० नोव्हेंबर २०२५ ला गृहमंत्री शबाना महमूद यांनी (ज्या स्वतः स्थलांतरित आईबापांची मुलगी आहेत) तपशिलवार प्रस्ताव मांडला. सर्वसाधारण अट दहा वर्षं. वर्षाला ५०,२७० पौंडांच्या वर तीन वर्षं कमावलं असेल तर पाच. १,२५,१४० च्या वर असेल तर तीन! आणि पदवीच्या दर्जाखालची मानली जाणारी कामं करणाऱ्यांना, ज्यांत या केअर होममधल्या मुली येतात, पंधरा. सरकारी मदत घेतली असेल तर आणखी पाच किंवा दहा. आणि हे सगळं ज्यांना अजून कायम वास्तव्य मिळालेलं नाही अशा इथेच राहणाऱ्यांनाही लागू. त्यांच्यासाठी काही सवलत ठेवावी का, एवढं फक्त लोकमतासाठी विचारलं होतं.

त्या रविवारी ती घरी आली होती. मी तिला प्रस्ताव समजावून सांगितला. ती म्हणाली, "काका, पाच म्हणत होते की हो. आता पंधरा म्हणायलेत. मग पाच कुणाला म्हणत होते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे पंधरा आणि तीन. हुजूर पक्षाने असा तक्ता काढला असता तर मी दोन शिव्या घालून गप्प बसलो असतो, कारण माणसाची किंमत पगारावर करणं हे त्यांच्याकडून अपेक्षितच आहे. पण कामगार संघटनांनी १९०० साली जन्माला घातलेला पक्ष! ज्याचं नावच मजूर! तो म्हणतो की बँकेतल्या साहेबाने तीन वर्षांत या देशाशी जेवढं नातं जोडलं, तेवढं म्हाताऱ्यांचं मलमूत्र काढणाऱ्या मुलीला जोडायला पंधरा वर्षं लागतील. कमी पगार हा जणू तिचा गुन्हा. आणि तो पगार कमी आहे कारण त्या कामाला जास्त पैसे द्यायची कुणाचीच तयारी नाही, सरकारचीही नाही. पाहिजेत म्हणून बोलावलं, स्वस्तात राबवलं आणि स्वस्त आहात म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवलं.

गंमत बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये रिफॉर्मने कायम वास्तव्यच रद्द करू अशी घोषणा केली, तेव्हा स्टार्मर यांनी ते धोरण वंशवादी आणि अनैतिक असल्याचं सांगितलं. मी घरात टाळ्या वाजवल्या होत्या! दोन महिन्यांत हा तक्ता आला.

बरं, यातून मतं तरी मिळावीत! ऑक्टोबर २०२५ मध्ये वेल्समधल्या केअरफिलीत, जिथे मजूर पक्ष शंभर वर्षं अढळ होता, पोटनिवडणुकीत तो तिसरा आला. प्लाइड कमरी जिंकला, रिफॉर्म दुसरा. ज्या डेन्मार्कच्या कडक धोरणाचे दाखले इकडे दिले जात होते, तिथल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शंभराहून अधिक वर्षांत पहिल्यांदा कोपनहेगनचं महापौरपद गमावलं. याला एकच कारण असेल असं नाही. पण ज्यांना कडकच माल हवाय ते मूळ दुकानात जातात, आणि जुनी गिऱ्हाइकं दुखावून निघून जातात. तेल गेलं, तूपही गेलं.

आता शेवटचं, आणि हे लिहायला जड जातंय. डिसेंबरात भावजींचा पुण्याहून फोन आला. हे सगळं सांगितल्यावर ते कळवळून म्हणाले, "काय रे ही माणसं, बोलावतात आणि हाकलतात!" आणि दोन मिनिटांनी त्याच फोनवर, पुण्यात बाहेरच्यांनी कसा उच्छाद मांडलाय ते सुरू झालं. भावजी, वाचत असाल तर रागावू नका, कारण यात मी तुमच्या पुढे होतो. २००८ च्या फेब्रुवारीत मुंबईत उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांना मारहाण झाली, तेव्हा मी इथून फोनवर म्हणालो होतो, "जरा अद्दल घडायलाच हवी होती." बरोबर दोन महिन्यांनी लंडनच्या कोर्टाने आमच्या बाजूने निकाल दिला आणि आम्ही पेढे वाटले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे मला तेव्हा सुचलंही नाही. तो टॅक्सीवाला तर आपल्याच देशात होता, त्याला कुठल्या व्हिसाचीही गरज नव्हती.

म्हणून मजूर पक्षावर चिडताना माझा आवाज थोडा खाली येतो. घाबरलेल्या मतदाराला खूश करायला ते जे बोलले, ते मीही एकेकाळी फुकटात बोललो होतो. पण मी चुकलो म्हणून ते बरोबर ठरत नाहीत. नव्याने येणाऱ्यांसाठी नियम हवे तेवढे कडक करा, दारावर पाटी लावा, लोक वाचून ठरवतील. जी आधीच पाटी वाचून आत आली, तिच्यापुरती तरी जुनी पाटी पाळा. हेच कोर्टाने २००८ मध्ये सांगितलं होतं, आणि तेव्हाही समोर हाच पक्ष होता.

हरकती नोंदवायची मुदत १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत होती. मी ऑनलाइन फॉर्म भरला, तिच्याकडूनही भरून घेतला. पुढच्या निवडणुकीत फुली कुठे मारायची ते ठरलेलं नाही. वडील असते तर काय म्हणाले असते याचा विचार करतो, आणि मग वाटतं, बरं झालं त्यांना हे बघावं लागलं नाही.

फ्रिजवरचा कागद तिने काढलेला नाही. ऑक्टोबर २०२७ च्या पुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह तेवढं घातलंय.

असो.