फिरंगाईच्या गावात फिरंगी आंबा

आमच्या कुरकुंभच्या घरामागच्या हापूसने २०२४ च्या मे महिन्यात राम म्हटला. २०२२ च्या पावसाळ्यात दादाने हायवेवरच्या एका रोपवाटिकेतून मोठ्या हौसेने आणलेलं कलम. दोन उन्हाळे वहिनीने धुण्याचं शेवटचं पाणी बादलीने घातलं, गोणपाट बांधून सावली केली. पण २०२३ साली सरकारने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात आमचा दौंडही होता. पिण्याच्या पाण्याची मारामार, तिथे आंब्याला कोण विचारतो? शेंड्यापासून वाळत वाळत कलम खाली आलं आणि जोडाशी थांबलं.

गंमत पुढे आहे. पाऊस पडल्यावर जोडाच्या खालून एक लालसर फूट निघाली. कुणी पाणी घातलं नाही, कुणी विचारलं नाही, तरी ती आज माझ्या खांद्याला लागते आहे. दादाचं म्हणणं, "ते रायवळ आहे, काय कामाचं? उपटून टाकू आणि यंदा पुन्हा हापूस आणू." दादा, तू हे वाचणार हे माहीत आहे, म्हणूनच जाहीर सांगतो: त्या झाडाला हात लावू नकोस!

अहो, अंगणात हापूस हा आता आंबा राहिलेला नाही, बंगल्यावरच्या नावाच्या पाटीसारखा झाला आहे. पाहुण्याला सांगायला बरा. पण हापूसला कोकणातला ३००० मिलीमीटरच्या आसपासचा पाऊस आणि समुद्राची दमट हवा लागते. आमच्या माळावर पाचशेच्या आतबाहेर, तोही लहर लागली तर, आणि वर चाळिशी ओलांडणारं ऊन. कुणी म्हणेल, जुन्नरला कसा येतो? येतो ना! जुन्नर याच जिल्ह्यातलं, पण सह्याद्रीच्या कुशीतलं. जिल्हा एक असला म्हणून आभाळ एक नसतं. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते कोकणातल्या पाच जिल्ह्यांना. ते उगीच नाही.

बरं, जगला तरी काय? एक वर्षाआड फळ, आणि जमिनीची धग लागली की आतून साका. याच दोन दुखण्यांवर उपाय म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ साली नीलम आणि हापूसचा संकर करून 'रत्ना' काढला. म्हणजे खुद्द कोकणात शास्त्रज्ञांना ज्याच्या खोडी काढत बसावं लागलं, तो आम्ही मुरमाड माळावर बादलीभर पाण्यात वाढवणार!

आता त्या फुटीकडे बघा. कलमाच्या खालचा भाग कोयीचा असतो, साध्या रायवळीचा. वरचा पाहुणा गेला, खालचा घरचा माणूस टिकला. ज्या मुळांनी दुष्काळ काढला ती उपटायची आणि पिशवीत गोल गोल गुंडाळलेली नवी मुळं आणून लावायची, याला शहाणपण म्हणत नाहीत. फूट राहू दे. येत्या ऑगस्टच्या दमट हवेत तिच्या कोवळ्या शेंड्यावर केशरची तीन-चार महिन्यांची काडी घेऊन पाचर कलम करू. केशर पठारावर रुजतो. मराठवाड्याने ते करून दाखवलं आहे आणि तिथल्या केशरला २०१६ साली मानांकनही मिळालं आहे. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर खुडायचा, एवढा संयम ठेवायचा.

आणि ज्यांना नवीन झाड लावायचं आहे त्यांनी तर कलम आणूच नये. मीटरभर खड्डा घ्या, शेणखत-माती भरा, जूनमध्ये खाल्लेल्या रायवळीच्या दोन-तीन कोयी ताज्या ताज्या तिथेच लावा (कोय महिनाभरात दगावते, पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका). सोटमूळ सरळ खाली जातं. सगळ्यात जोमदार रोप ठेवा आणि जागेवरच कलम बांधा. वर्ष-दीड वर्ष उशीर होईल. पण दोन उन्हाळे बादल्या ओतून काडी सरपणात घालण्यापेक्षा तो उशीर परवडला.

हापूसचं वाकडं नाही मला. पाडव्यानंतर देवगडची एक पेटी आणू, सगळे मिळून खाऊ. ज्याचा माल त्याच्याकडून घ्यावा. हापूसचं अल्फान्सो हे नाव पोर्तुगीज आल्बुकर्कवरून पडलं म्हणतात. गंमत म्हणजे आमची ग्रामदेवता फिरंगाई! पण फिरंगी आंब्यावर तिचीही कृपा झाली नाही, यातच काय ते समजून घ्यावं.

असो. दादा, कुदळ बाजूला ठेव. ऑगस्टमध्ये मी काड्या घेऊन येतो. वहिनीला म्हणावं, बादल्या बंद. :)