दोन मिनिटांचं ऑम्लेट आणि सव्वापाचचा गजर

गेल्या रविवारी सकाळी आमच्याकडे पाहुणे आले होते. आमचं घर वाळूजला, बजाजनगरात. शहरातून नगर रोडने एवढ्या लांब कोणी आलं की नाश्ता केल्याशिवाय जात नाही, आणि जाऊही नये. आमच्या मावशीने हात धुताना भांड्यांच्या जाळीतून एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "काय रे, एवढी मोठी साबणाची डबी?"

"साबणाची नाही गं. ऑम्लेटचा डबा आहे. यात अंडं ओतायचं, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं."

झालं! पुढचा पाऊण तास दुसरा विषय नाही. नाना म्हणाले, तव्यावरच्या ऑम्लेटची सर या रबराला यायची नाही. मावसभाऊ म्हणाला, मायक्रोवेव्हच्या किरणांनी अन्नातलं सत्त्व मरतं. मावशीचा सूर असा की घरात बाई असताना प्लॅस्टिकच्या डब्यात अंडी शिजवायची वेळ यावी म्हणजे काय! मग कांदा किती बारीक चिरावा, मिरची की तिखट, कडा कुरकुरीत हव्यात की नकोत... चर्चा छान रंगली.

आता एक गोष्ट सांगतो, जी त्या दिवशी सांगितली नाही. हा पाऊण तास माझी बायको गॅससमोर उभी होती. तव्यावर अकरा ऑम्लेटं काढली तिने. ती नर्स आहे, आणि त्या सकाळी रात्रपाळी संपवून घरी येऊन तिला जेमतेम तास झाला होता. तव्याच्या चवीवर जे जे बोलत होते त्यांतलं एकही माणूस तव्याजवळ नव्हतं. मीही नव्हतो. मी माना डोलावत सोफ्यावर बसलो होतो. म्हणून हे लिहितोय. अर्धा राग तुमच्यावर आहे, अर्धा स्वतःवर.

हा डबा घरात आला कसा ते आधी सांगतो. बायकोची सकाळची ड्यूटी असली की तिला सहाला निघावं लागतं. माझी पहिली शिफ्ट असली की कंपनीची बस चौकात साडेसहाला. मुलाचे क्लास सातला. गजर सव्वापाचचा, आणि तो वाजायचा फक्त तिच्या उशाशी. आमचा गॅस दोन बर्नरचा. एकावर पोळ्यांचा तवा, दुसऱ्यावर भाजी. मुलाला अंडं हवं, मला अंडं हवं, ती ते मधेच कसंबसं करून द्यायची आणि स्वतः चहा पिऊन पळायची. तीन वर्षांपूर्वी एकदा वॉर्डातच तिला चक्कर आली. तपासलं तर आजार काही नाही. बाई उपाशी होती, एवढंच निदान. तिघांना खाऊ घालून उपाशी.

त्याच आठवड्यात मी शहरातून तो डबा आणला. अर्धचंद्रासारखे दोन खळगे, मधे बिजागरी. मला तोवर फक्त चहा येत होता, तोही पाहुण्यांना देण्यालायक नाही. पण हे जमण्यासारखं होतं. दोन अंडी फोडून, चमचाभर दूध, मीठ, कांदा, कोथिंबीर घालून फेटायची, दोन्ही खळग्यांत ओतायची. मिनिटभर ठेवायचं, काढून कडेचं मधे ढकलायचं (कडा आधी शिजतात, मधलं कच्चं राहतं), पुन्हा चाळीस-पन्नास सेकंद. मग डबा मिटून मिनिटभर तसाच राहू द्यायचा. विजेचा हिशोब हवा असेल तर आमचा मायक्रोवेव्ह १२०० वॅट ओढतो, म्हणजे दोन मिनिटांना ०.०४ युनिट. गॅसवर जागा लागत नाही, शेजारी उभं राहावं लागत नाही. तिसरा बर्नरच म्हणा ना. तेव्हापासून सकाळचं अंडं हे माझं खातं, आणि घरातून उपाशी कोणी जात नाही. लाईट गेली की खातं बंद, तेवढं सोडा.

आता एकेक आरोप घेऊ.

आरोप पहिला, किरण. अरे बाबा, त्या लहरी साधारण २४५० मेगाहर्ट्झच्या. तुझ्या घरातल्या वाय-फायच्याही त्याच्याच आसपासच्या, फक्त इथे ताकद खूप जास्त आणि ती लोखंडी पेटीत कोंडलेली. त्या अंड्यातल्या पाण्याला गरम करतात, बस्स. दार उघडलं की बंद. बटण बंद केल्यावर बल्बचा उजेड भांड्यात साचून राहतो का? तसंच हे. अमेरिकेत १९४५ च्या सुमारास पर्सी स्पेन्सर नावाच्या इंजिनीअरच्या खिशातलं चॉकलेट रडारच्या यंत्राजवळ वितळलं, त्यातून ही भट्टी निघाली असं सांगतात. भीती बाळगायचीच असेल तर अख्ख्या अंड्याची बाळगा. कवचासकट किंवा बलक न फोडता ठेवलं तर आतली वाफ कोंडून ते फुटतं, आणि कधीकधी बाहेर काढल्यावर तोंडावर फुटतं. फेटलेल्या अंड्याला ती भानगड नाही.

आरोप दुसरा, चव. नाना, मान्य. शंभर टक्के मान्य. तवा दीडशे अंशांच्या वर तापतो, म्हणून ऑम्लेटला तो तपकिरी खरपूस डाग पडतो. मायक्रोवेव्हमध्ये अंड्यातलं पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणून ते पिवळंधमक आणि मऊ राहतं, थोडं ढोकळ्यासारखं. तुम्हाला तव्याचंच हवं असेल तर शिफ्ट सुटायच्या वेळी कंपन्यांच्या गेटबाहेर या. गाडीवरचा तवा तासभर आधीपासून तापलेला असतो, आणि करणारा माणूस त्या कामाचे पैसे घेतो. चवीची किंमत मोजायला माझी ना नाही. ती किंमत घरातल्या एकाच माणसाच्या झोपेतून वसूल करायला माझी ना आहे.

आणि परंपरेचं म्हणाल, मावशी, तर तूच आठव. आपल्या घरात अंड्याचा तवा वेगळा होता. तो गॅलरीत, वातीच्या स्टोव्हशेजारी, कागदात गुंडाळलेला असायचा. पोळीच्या तव्याला अंडं लागलं असतं तर आजीने घर डोक्यावर घेतलं असतं. ज्या अंड्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नव्हतो, त्याच्या तव्याचे एवढे गोडवे आपण कधीपासून गायला लागलो?

आरोप तिसरा, प्लॅस्टिक. हा कोणी नीट केलाच नाही. मावशीला प्लॅस्टिक फक्त हलकं वाटलं. खरा आरोप मीच माझ्यावर ठेवतो, कारण प्लॅस्टिक हे माझं पोट आहे. मी मोल्डिंगच्या खात्यात क्वालिटीला आहे. डब्याच्या तळाला त्रिकोणात ५ आकडा आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते साधारण १६० अंशांना वितळतं, म्हणून अंड्याच्या शंभर अंशांना त्याचं काही बिघडत नाही असं मी सगळ्यांना ठणकावून सांगायचो. 'मायक्रोवेव्ह सेफ' म्हणजे भांडं वितळणार नाही, वाकणार नाही. त्यातून काहीच सुटणार नाही असा त्याचा अर्थ नव्हे, हे कळत असून मी सोयीस्कर विसरलो होतो. मग एक दिवस तळाशी, जिथे तेल साचतं तिथे, पांढरट खरबरीत चट्टा दिसला. तेल पाण्यापेक्षा जास्त तापतं, त्याने प्लॅस्टिक खाल्लं होतं. ते गेलं कुठे? आमच्या पोटात, आणखी कुठे! अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली छापलंय की काही प्लॅस्टिक डबे तीन मिनिटं मायक्रोवेव्ह केल्यावर एका चौरस सेंटिमीटरमधून चाळीस लाखांहून जास्त सूक्ष्म कण सुटले. ते शरीरात काय करतात याचा शोध अजून चालू आहे. चालू दे. तोवर मी माझ्या पोराला त्यात ठेवून बघणार नाही.

म्हणून सांगतो, तो डबा आता ऑम्लेटचा राहिलेला नाही. रविवारी जाळीत होता तो लिंबं ठेवायला वापरतो. अंडं मी जाड काचेच्या पसरट वाडग्यात करतो, वर बशी झाकून. तेवढंच जमतं, फक्त अर्धचंद्र होत नाही. तेव्हा कुणी डबा आणायला निघाला असाल तर पैसे वाचवा, घरातलं मायक्रोवेव्हला चालणारं काचेचं भांडं काढा. दोन मिनिटं सोडू नका. प्लॅस्टिक सोडा.

पण डब्याला मी शिव्या देणार नाही. सतरा वर्षं संसार करून मी ज्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचो, तिथे मला त्या दीडशे रुपयांच्या साबणाच्या डबीने कामाला लावलं.

मावशी, पुढच्या रविवारी नक्की या सगळे. तव्यावरचंच ऑम्लेट करू, खरपूस. तवा मी धरतो. पहिली दोन-तीन चिकटतील, ती मी खाईन. नानांनी कांदा चिरायचा, त्यांना बारीक किती ते चांगलं ठाऊक आहे. आणि हिला त्या दिवशी कोणी उठवायचं नाही.

असो. उद्या पहिली शिफ्ट. गजर आता माझ्या उशाशी असतो.