घरातील गारवा आणि सरकारी सवलत

चैत्र संपून वैशाख लागला म्हणजे आपल्या वऱ्हाडात उन्हाचा अंमल सुरू होतो. वाशिम काय, रिसोड काय, किंवा कारंजा, मानोरा काय, पारा ४२-४३ अंशांवर चढतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. घरोघरी अडगळीतला कुलर बाहेर निघतो, त्याच्या गवताच्या ताट्या बदलल्या जातात, आणि ‘यंदा घर थंड कसे ठेवावे?’ हा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात वरचेवर येऊ लागतो. गेल्या दोन-तीन वर्षांत या प्रश्नाला सरकारी सवलतीचा नवा विषय जोडला गेला आहे. छपरावर सौर पट्ट्या बसवा, इतके हजार परत मिळतील, अमुक यंत्रावरचा कर उतरला आहे, आता घ्या, असे सांगणारी माणसे दारी येतात आणि घरातील मंडळी हिशेब मांडू लागतात.

हा विषय शाळेच्या वार्षिकात कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, आज बहुतेक घरांत सरकारी अर्ज भरण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाच्या अथवा मुलीच्या हातूनच होते. शिवाय त्या तापलेल्या छपराखाली बसून अभ्यास करावयाचा असतो तोही त्यांनाच. तेव्हा सवलत म्हणजे काय, ती कोणासाठी आहे आणि तिचा उपयोग कोणत्या क्रमाने करावा, हे विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी एकत्र बसून समजून घेणे अगत्याचे आहे.

आमचे मत आरंभीच स्पष्ट सांगतो. सवलत ही चांगली गोष्ट आहे, परंतु ती खर्चाला साहाय्य व्हावी, खर्चाचे कारण होऊ नये. आधी घराचा ताप कमी करावा, मग विजेचा वापर कमी करावा, आणि त्यानंतर वीज निर्माण करण्याचा विचार करावा. हा क्रम उलटला तर सवलत घेऊनही माणूस तोट्यात राहतो.

आपल्या वाडवडिलांना सरकारी सवलत ठाऊक नव्हती, परंतु उन्हाशी कसे वागावे हे पक्के ठाऊक होते. वऱ्हाडातील जुनी धाब्याची घरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे वेगळे सांगावयास नको. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी किलचांवर माती घालून केलेले सपाट धाबे, लहान खिडक्या, आणि दारावर पाणी शिंपडलेला वाळ्याचा पडदा. अशा घरात भर दुपारीही डोळा लागत असे. मातीचा जाड थर तापावयास वेळ लागतो, आणि त्याची उष्णता आत पोहोचेपर्यंत सूर्य मावळतीस लागलेला असतो, हे त्यामागील रहस्य होय. पुढे धाब्याची डागडुजी नकोशी झाली, पावसाळ्यातील गळती सोसेना, आणि टिनाचे पत्रे आले. टिनाने पाऊस अडविला खरा, परंतु ऊन मात्र घरात आणून सोडले. पातळ पत्रा सकाळी दहा वाजताच तापतो आणि दिवसभर खाली धग ओततो. अशा छपराखाली छताचा पंखा लावला तर तो वरची तप्त हवाच खाली लोटतो.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. घर दोन खोल्यांचे, छप्पर टिनाचे. मुलगा दहावीस होता आणि आजी दम्याने बेजार. वडिलांनी पोटास चिमटा घेऊन जुने वातानुकूलन यंत्र विकत घेतले. यंत्र रात्रंदिवस चाले, परंतु खोली निवेना. विजेचे बिल मात्र तिप्पट झाले. मुलगा अखेर पुस्तके घेऊन निंबाच्या झाडाखाली जाऊन बसू लागला. दुसऱ्या वर्षी त्यांनी ते यंत्र विकून टाकले. आलेल्या पैशातून पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग दिला, पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे छत बांधले आणि एक साधा कुलर आणला. त्या उन्हाळ्यात आजीला दुपारी घरातच झोप लागली. या कामास कोणतीही सवलत मिळाली नव्हती. केवळ कामाचा क्रम सुधारला होता.

विद्यार्थिमित्रांनो, यामागील शास्त्र तुमच्या पुस्तकातच आहे. पांढरा पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत फेकतो, काळा किंवा गंजलेला पृष्ठभाग तो शोषून घेतो. म्हणून स्लॅबवर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा हात द्यावा, टिनावर त्यासाठी मिळणारा पांढरा रंग द्यावा. पत्रा व छत यांमधील हवेचा थर उष्णतेला अडवितो. पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा तुराट्या पसरण्याची चाल आपल्याकडे आहे. तिने सावली होते हे खरे, परंतु वाळलेल्या काड्यांना ठिणगीचे भय असते, हे विसरू नये. आता कुलरकडे पाहू. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते, आणि ती उष्णता हवेतून घेतली जात असल्याने हवा थंड होते. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे कुलर येथे उत्तम चालतो. मात्र ओलसर हवेला बाहेर जाण्यास वाट हवी. खिडक्या-दारे लावून कुलर चालविणारी घरे आम्ही कितीतरी पाहिली आहेत, आणि मग तीच मंडळी ‘अंग चिकचिकते’ म्हणून कुरकुरतात. समोरची एक खिडकी उघडी ठेवली की अर्धी तक्रार मिटते.

दुसरी पायरी विजेची. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नव्या पद्धतीच्या, ‘बीएलडीसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट. दिवसाकाठी बारा तास चालविल्यास पहिल्याला महिन्यास २७ युनिटे लागतात, दुसऱ्याला ११ सुद्धा लागत नाहीत. एका पंख्यामागे १६ युनिटांची बचत! आपल्या वीजबिलात पहिल्या शंभर युनिटांना दर कमी असतो व त्यापुढील युनिटांना अधिक. म्हणजे वाचणारी युनिटे ही बहुधा महाग युनिटेच असतात. यंत्र कोणते घ्यावे हे कळावे म्हणून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ सालापासून तारांकित चिठ्ठीची पद्धत सुरू केली, आणि १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही ती सक्तीची झाली. चिठ्ठीवरील तारे मोजावेत, परंतु तेथे छापलेले वर्षही वाचावे. कसोटी मधूनमधून कडक होत असते, आणि जुन्या वर्षाचे पाच तारे आजच्या पाचांइतके मोलाचे असतीलच असे नाही.

आता तिसरी पायरी, म्हणजे सौर विजेची. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पट्ट्या बसविण्याचा तिचा संकल्प असून तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठरविलेली आहे. साहाय्य एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये असे आहे. एक किलोवॅटच्या पट्ट्यांना छपरावर सुमारे शंभर चौरस फूट निर्वेध जागा लागते, आणि त्यांपासून दिवसाला सरासरी चार युनिटे वीज मिळते. सौर पट्ट्यांवरील वस्तू व सेवा करही २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्याच दिवशी वातानुकूलन यंत्रांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

आकडे मोहक आहेत यात शंका नाही, परंतु ‘मुफ्त’ या शब्दावर भुलून जाऊ नये. शासनाने दोन किलोवॅटचा खर्च सुमारे एक लाख रुपये धरून त्याच्या साठ टक्के साहाय्य ठरविले आहे. उरलेले चाळीस हजार, आणि बाजारभाव अधिक असेल तर त्यावरील रक्कमही, घरधन्यानेच घालावयाची आहे. शिवाय साहाय्याचे पैसे काम पूर्ण झाल्यावर, वीजकंपनीने मीटर बसवून तपासणी केल्यावर, बँकखात्यात येतात. तोवर रक्कम गाठीची असावी लागते, नाही तर कर्ज काढावे लागते. सवलतीच्या व्याजाने तारणाशिवाय कर्ज मिळण्याची सोय योजनेत आहे, तरी कर्ज ते कर्जच. ज्या घरी महिन्याला साठ युनिटे लागतात, त्याने ७८,००० रुपये परत मिळतात म्हणून तीन किलोवॅटच्या पट्ट्या बसविणे म्हणजे दोन माणसांच्या स्वयंपाकाला लग्नातील कढई चुलीवर चढविण्यासारखे आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

कागदपत्रांची अडचण तर याहून मोठी. आपल्या गावांत कितीतरी घरांचे वीजमीटर दिवंगत आजोबांच्या नावावर आहे. घराचा उतारा एका नावाने, बँकखाते दुसऱ्या नावाने, आणि छप्पर तीन भावांचे सामाईक. अशा वेळी अर्ज अडकून पडतो. म्हणून आमची पालकांस विनंती की, सौर पट्ट्यांचा विचार पुढे केव्हाही करा, परंतु मीटरावरील नाव आजच बदलून घ्या. अर्ज राष्ट्रीय संकेतस्थळावरच करावा, काम नोंदणीकृत पुरवठादारालाच द्यावे, आणि भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त अंक कोणासही सांगू नये.

परदेशांत अशीच साहाय्ये निराळ्या रूपाने दिली जातात. अमेरिकेत घर उबदार वा थंड ठेवणारी चांगली यंत्रे बसविणाऱ्यास प्राप्तिकरात सूट मिळत असे. २०२२ च्या कायद्याने ती वाढविली, आणि २०२५ च्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ नंतर ती बंद झाली. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांनाही तिचा लाभ त्या तारखेपर्यंतच घेता आला. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, सवलत येते आणि जाते, घर मात्र राहते. निर्णय घराची गरज पाहून करावा. दुसरी ही की, करातील सूट कर भरणाऱ्यालाच उपयोगी पडते. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन-तुरीवर जगणाऱ्या बहुसंख्य शेतकरी कुटुंबांना प्राप्तिकर भरावा लागत नाही. त्यांना करातील सुटीचा काय उपयोग? या दृष्टीने थेट बँकखात्यात साहाय्य देण्याची आपली पद्धत अधिक न्याय्य आहे, असे आम्हांस वाटते.

तथापि येथेही एक मोठी उणीव आहे, आणि ती बोलून दाखविणे आमचे कर्तव्य आहे. सौर पट्ट्यांचे साहाय्य कोणास मिळते? ज्याचे स्वतःचे भक्कम छप्पर आहे, ज्याच्या गाठीस पैसा आहे व ज्याचे कागद बिनचूक आहेत त्यास. भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर, डुगडुगत्या वाशांवरील टिनाखाली निजणारी विधवा, यांचे घर सर्वांत अधिक तापते आणि साहाय्य सर्वांत कमी पोहोचते. राज्य शासनाने २०२५ साली महिन्याला शंभर युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या कुटुंबांसाठी वाढीव साहाय्य मंजूर केले, हे स्तुत्य होय. परंतु छप्परच पट्ट्यांचा भार सोसण्याजोगे नसेल तर तेही दूरच राहते. अशा घराला आधी वीज नव्हे, पांढरा रंग आणि छत हवे.

हे अशक्य नाही. अहमदाबाद नगरीने २०१० च्या भीषण उन्हाळ्यापासून धडा घेऊन २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली, आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. आपल्या शेजारच्या तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. मग आपल्या नगरपरिषदांनी व ग्रामपंचायतींनी, दर फाल्गुनात टिनाच्या घरांसाठी रंग घाऊक भावाने आणून गरजूंस अल्प दरात किंवा विनामूल्य का देऊ नये? घाऊक खरेदीचे सामर्थ्य आपण दिव्यांच्या बाबतीत पाहिलेच आहे. २०१४ च्या आरंभी सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा काही वर्षांतच ४० रुपयांच्या आत आला. जे दिव्याचे झाले ते रंगाचे व पंख्याचेही होऊ शकेल.

कोणी म्हणेल, सरकारने किती गोष्टी द्याव्यात? प्रश्न रास्त आहे. परंतु साहाय्याचा पैसा सर्व जनतेचा आहे. जे साखर विकत घेतात ते सर्वच त्याला कोठे ना कोठे हातभार लावतात. तेव्हा त्यातील वाटा ज्याला उन्हाची झळ अधिक त्याला आधी मिळावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटीत तीन कामे करा. गेल्या बारा महिन्यांची वीजबिले एका वहीत उतरवून काढा, म्हणजे घराला किती वीज लागते ते कळेल. मीटरावर कोणाचे नाव आहे ते पाहा. आणि आपल्या गल्लीत ज्या घरी लिहिता-वाचता येणारे कोणी नाही, त्या घरचा अर्ज मोबदला न घेता भरून द्या. तुमच्या एका दुपारच्या श्रमाने एखाद्या म्हातारीची वैशाखातील झोप सुखाची होईल. विद्येचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी ठाऊक नाही.